पार्बताबाईच्या वह्यांतले गोल

कापूस वेचणाऱ्या बायांत मुकादम चांगली की वाईट, हे आमच्याकडं दोन गोष्टींवरून ठरतं. संध्याकाळी काटा खरा धरते का, आणि दुपारच्या चहासोबत गोळी देते का.

वाचून धक्का बसला असेल तर बसू द्या. आमच्याकडं कोणालाच बसत नव्हता. मलाही नाही, आणि मी स्वतःला लय शहाणी समजते.

पार्बताबाई डाबेराव ही तेल्हाऱ्याकडची मुकादम. गावाचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं. वय साठीच्या आसपास, काटक, उंच, आणि आवाज असा की एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर तिसऱ्या वावरातल्या बाया कमरेतून सरळ व्हायच्या. नवरा जिनिंगमध्ये हमाल होता, तो कधीचाच गेला. पोरगी अंजनगावला दिलेली. घरी ही एकटी आणि हिच्या हाताखाली एकतीस बाया. सीतादही, म्हणजे पहिल्या बोंडाची पूजा, झाली की वेचणी, त्याआधी निंदण, त्याआधी सरकी टोबणं, म्हणजे हातानं पेरणं. वर्षातले आठ महिने या बायांची कंबर वाकलेली.

गोळीची सुरुवात इंदूबाईपासून झाली. इंदूबाई म्हणजे पार्बताबाईची मैत्रीण, दोघींची घरं पाठीला पाठ लावून. एका श्रावणात निंदताना इंदूबाईची पाठ अशी धरली की तिला उठताच येईना. पार्बताबाई गावातल्या किराण्याच्या दुकानात गेली. तिथं बिडी-काडीच्या बरणीशेजारी लाल गोळ्यांची बरणी असते, अजूनही आहे. एक गोळी आणली, चहासोबत दिली. अर्ध्या तासात इंदूबाई पुन्हा निंदायला लागली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघींनी हात पुढं केले. मग पार्बताबाई डबीच घेऊन जायला लागली, स्वतःच्या खर्चानं. दुसऱ्या मुकादमणी चिमूटभर तंबाखू द्यायच्या, ही दवा द्यायची. म्हणून बाया हिचा जत्था सोडत नव्हत्या.

तिचा एक नियम होता. दिवसाला एका बाईला एकच गोळी. "दोन खाल्ल्या त पोटात आग पडते," असं ती म्हणायची. तिला स्वतःला एकही सोसत नव्हती, म्हणून ती खात नव्हती. बाया मात्र हुशार. एकीनं घ्यायची, पदराआड लपवायची आणि पुन्हा हात पुढं करायचा. म्हणून पार्बताबाईनं वहीत खूण सुरू केली. साक्षरतेच्या वर्गात ती नावं लिहायला शिकली होती. प्रत्येक नावापुढं उभी रेघ म्हणजे बाई कामावर आली. रेघेच्या डोक्यावर गोल म्हणजे गोळी घेतली. वर्षाला एक वही. अशा बारा वह्या.

त्या वह्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या रोजगार हमीच्या हजेरीवरून बायांच्या बाजूनं भांडत होते तेव्हा. मी विचारलं होतं, हे गोल कशाचे? तिनं सांगितलं. मी हसले आणि म्हणाले, "वा, पार्बताबाई! सरकारी दवाखान्यापेक्षा तुमचा कारभार बरा." हे वाक्य मी मुद्दाम इथं लिहून ठेवते. बाकीच्यांच्या चुका लिहायच्या असतील तर स्वतःचीही लिहावी लागते.

*

इंदूबाईचे पाय सुजायला लागले तेव्हा गावानं जे म्हटलं तेच मी म्हटलं: पाणी. आमचा पट्टा खारपाणाचा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. दर चार घरांमागं एकाची किडनी गेलेली ऐकायची. नऊ वर्षं मी त्या पाण्यासाठी भांडले. तहसीलवर, जिल्हा परिषदेवर, एकदा तर पाण्याचा टँकर घेऊन थेट साहेबाच्या दारात. "खारं पाणी, किडनीची हानी" ही घोषणा माझी. इंदूबाईचं डायलिसिस सुरू झालं त्या आठवड्यात तिचा फोटो आम्ही फलकावर लावला होता.

मंगळवार आणि शुक्रवार, असे तिचे दोन दिवस. अकोल्यातल्या एका केंद्रात. सकाळच्या एसटीनं जायचं, चार तास मशीनवर, दुपारच्या गाडीनं परत. इंदूबाईची पोरगी करिश्मा आईच्या जागी कामाला जायला लागली, त्यामुळं सोबतीला पार्बताबाई. तीन वर्षांत तिनं एकही खेप चुकवली नाही. ऐन वेचणीत मुकादम आठवड्यातून दोन दिवस गायब, तरी कोणी चकार शब्द काढला नाही.

त्याच केंद्रावर शुक्रवारी अमरावतीहून डॉक्टर शाइस्ता परवीन यायच्या. अकोल्याच्याच ताजनापेठेतल्या टेलरची पोरगी. अमरावतीच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात किडनीची डॉक्टर झालेली. बडनेऱ्याहून गाडी पकडून यायच्या आणि संध्याकाळी परत. बारीक अंगाची, हळू बोलणारी. मला हळू बोलणारी माणसं पटकन पटत नाहीत.

एका शुक्रवारी त्यांनी मला आत बोलावलं. मला त्या बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणायच्या.

"बाजी, एक विचारू? तुम्ही म्हणता पाणी. ठीक आहे. पाणी तर घरातले मर्दही पितात. मग तुमच्या त्या चार गावांतून आलेल्या माझ्या चौदा पेशंटांत अकरा बाया कशा?"

"बाया जास्त सोसतात म्हणून."

"आणि अकराच्या अकरा वावरात जाणाऱ्या? घरी बसणारी एक नाही, शिक्षकाची बायको नाही, दुकानदाराची नाही. पाणी तर त्यांच्याही घरी तेच आहे ना?"

"म्हणजे नऊ वर्षं आम्ही झक मारली का?"

"मी असं कुठं म्हणाली? पाणी असेलच. पण एकटं पाणी नाही. उन्हात काम, पाणी कमी पिणं, आणि वरून दर्दच्या गोळ्या. या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर किडनी जाऊ शकते. हे पुस्तकात आहे. इथं किती झालं, हे कोणी मोजलंच नाही."

मी उठले, दार आपटलं आणि बाहेर आले. गेटवरच्या टपरीत चहा घेतला. अर्धा तिथंच ठेवला आणि परत आत गेले. चौदात अकरा हे काही घशाखाली उतरत नव्हतं.

"मोजायला काय लागतं?" मी विचारलं.

"पैसा," त्या म्हणाल्या.

*

संशोधनाला पैसा कुठून येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत कळलं, आणि जे कळलं त्यानं डोकं भणभणलं.

डायलिसिसचं मशीन द्यायला दाते रांगेनं उभे असतात. मशीनला हार घालता येतो, फीत कापता येते, फोटो निघतो. पण मशीनवर येणारा माणूस मुळात का आला, हे शोधायला कोणी खिशात हात घालत नाही. शोधाला फीत नसते. एका मोठ्या कारखान्याच्या समाजकार्याच्या विभागात आम्ही गेलो. तिथला माणूस चांगला होता, चहा पाजला आणि म्हणाला, "मॅडम, खुर्च्या मागा, बेड मागा, लगेच देतो. अभ्यास नका मागू." औषध कंपन्यांकडं पैसा भरपूर. पण नवी गोळी विकली जाईल अशा अभ्यासाला. जुनी गोळी कोणाला मारून राहिली, हे विचारायला ते कशाला पैसे देतील? परदेशातल्या एका संस्थेचा अर्ज शाइस्ताबाईंनी रात्रंदिवस बसून भरला. शेवटच्या पानावर अट: सोबत नामांकित विद्यापीठ पाहिजे. ते कुठून आणायचं?

मग दिल्लीच्या एका संस्थेनं प्रस्ताव मागवले. विषय अगदी आमचाच: औषधांमुळं किडनीला होणारी इजा. शाइस्ताबाईंच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा मला जोर ऐकू आला. अर्ज गेला. दोन महिन्यांनी परत आला. शेरा होता की रुग्णांनी कोणतं औषध, किती आणि किती वर्षं घेतलं याची लेखी नोंद नाही. रुग्णाच्या आठवणीवर विसंबता येणार नाही. दुरुस्ती करून पाठवायला मुदत बारा दिवस.

"आता कुठून आणायची नोंद?" शाइस्ताबाई फोनवर म्हणाल्या. "किराण्याच्या दुकानातली गोळी कोण लिहून ठेवतं, बाजी?"

कोण लिहून ठेवतं, हे मला माहीत होतं.

*

पार्बताबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी गेले तशी सुपानंच बाजूला जागा दाखवली.

"बसा. च्या मांडू का?"

"नको. पार्बताबाई, त्या हजेरीच्या वह्या आहेत का?"

"हायेत ना. कोठीत. काहून?"

मी सांगायला लागले. आधी पाण्याचं, मग उन्हाचं, मग गोळीचं, मग दिल्लीचं. सूप चालू होतं. गोळीशी आले तेव्हा थांबलं.

"म्हंजे माह्या गोळीनं इंदूची किडनी गेली."

"तसं कोणी म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, शक्यता आहे. तेच तपासायचं..."

"ताई, तुमी शब्द नका फिरवू. तुमी का तहसीलदारासंगं बोलून राह्यल्या?"

मी मान खाली घातली. आयुष्यात फार कमी वेळा घातली आहे.

"व्हय," मी म्हणाले. "गोळीनंही झालं असेल. तुमच्या एकटीच्या नाही. घराघरात खातात. पण लिहून तुम्हीच ठेवलं."

"वह्या देल्ल्या नाही त?"

"तर अर्ज पुन्हा परत येईल."

"अन् देल्ल्या त पैसा भेटनच का?"

"भेटेलच असं नाही."

"मंग कोणत्या तोंडानं मांगून राह्यल्या मले?"

ती बराच वेळ सुपातल्या तुरीवरून हात फिरवत राहिली.

"पोलीस येतीन का?"

"येणार नाहीत. आले तर आधी त्या दुकानदाराकडं जातील, आणि मी आहे."

"पोलिसाचं नाही काही. उखळात डोकं देल्लं त देल्लं." मग आवाज खाली आला. "इंदूले म्या सांगलं हाय का पाण्यानं झालं. तिले सुई टोचते तवा ते डोये मिटून माहा हात धरते. मोठी सुई हाय ते, ताई, गोणपाट शिवाच्या दाभणाएवढी. तिले हे समजलं त मंग ते कोणाचा हात धरन?"

नावं झाकता येतील, असं मी म्हणाले. डॉक्टर नावाच्या जागी आकडा लिहितात. ती माझ्याकडं बघून हसली, कीव आल्यासारखी. गावात वही कोणाची, हे झाकून झाकतं का? आणि दुसरी गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती, ती तेव्हा सांगितली: प्रत्येक बाईची संमती लागणार. कशासाठी संमती, हे तिला समजावून सांगावं लागणार. म्हणजे इंदूबाईलाही.

"मंग पह्यले मीच सांगीन," पार्बताबाई म्हणाली. "तुमी मधात बोलू नका."

*

शुक्रवार. मुदतीला सहा दिवस राहिलेले. इंदूबाई मशीनवर होती, हातातून दोन नळ्या गेलेल्या. मी पलीकडच्या पलंगावरच्या एका म्हाताऱ्याचा कागद वाचत असल्याचं सोंग घेऊन उभी होते. पार्बताबाईनं पिशवीतून एक वही काढली.

"इंदू, हे पाह्य. हे तुहं नाव."

"मले कुठं वाचता येते वं? मशिनीवर कायची शाळा भरवून राह्यली?"

"हे रेघ म्हंजे तू कामाले आली. हा गोल म्हंजे गोळी खाल्ली."

"बरं, मंग?"

"डॉक्टरीन म्हणते, एकट्या पाण्यानं नाही झालं. गोळीनंबी झालं असन."

इंदूबाई हसली. "ते डॉक्टरीन काहीबी म्हणते. मांगं म्हणे, केळं खाऊ नको. केळ्यानं कोणी मरते का?"

पार्बताबाई हसली नाही. तेव्हा इंदूबाईनं मान वळवून तिच्याकडं नीट पाहिलं.

"किती गोल हायेत माह्या नावापुढं?"

"मोजले नाही."

"मोज."

"इंदू..."

"मोज ना. चार घंटे पडूनच राहाचं हाय."

पार्बताबाईनं पानागणिक बोट ठेवून मोजलं, तोंडानं, मोठ्यानं. मधेच मशीन वाजलं, नर्स येऊन बटण दाबून गेली. तेवढ्यात ती कुठं होती ते चुकली, पुन्हा त्या पानाच्या सुरुवातीपासून धरलं. त्या एका वर्षाचे एकशे बासष्ट झाले.

"अन् बाकीच्या वह्याइत?"

"एवढेच असतीन. कमी-जास्त."

इंदूबाई छताकडं बघत राहिली. म्हाताऱ्याचा कागद मी उलटा धरला होता, हे मला म्हाताऱ्यानंच खुणेनं दाखवलं.

"तू मले पह्यली देत होती," इंदूबाई म्हणाली. "सगळ्याइच्या आंधी. म्हणे, थांबा वं, माही इंदू पह्यली."

"व्हय."

"मले वाटे, माया करते."

"माया करूनच देल्ली, इंदू."

"व्हय त. म्हणूनच त म्या खाल्ली. दुसऱ्या कोणी देल्ली असती त इचारलं असतं, कायची हाय म्हणून."

पार्बताबाईनं वही मिटली. मशीन चालूच होतं. इंदूबाईच पुन्हा बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"माहं नाव ने. लिवाचं ते लिव. आंगठा देतो मी. पण मंगळवारी तू येऊ नको."

नर्स सुया काढायला आली. इंदूबाईनं मोकळ्या हातानं पलंगाची दांडी धरली.

*

करिश्माला त्याच संध्याकाळी कळलं. बावीस वर्षांची पोरगी, बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून वावरात गेलेली. ती पार्बताबाईच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. भांडायलाच आली होती, पण "मावशी, तुमी..." एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं. तशीच परत गेली. पुढच्या मंगळवारपासून आईसोबत तीच जायला लागली, मजुरी बुडवून.

समाजमंदिरात बाया जमवल्या. शाइस्ताबाई आल्या, खाली सतरंजीवर बसल्या आणि जमेल तशा मराठीत सगळं सांगितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे आता आमाले पैसे भेटतीन का?"

"नाही मौसी. पैसे आले तर तपासणीला येतील. रक्त, लघवी, गाडी, कागद."

"म्हंजे मराचं आमी अन् पैसा डॉक्टरीनले!"

हशा पिकला. मी उसळून उठले, पण शाइस्ताबाईंनी माझ्या पदराला धरून खाली बसवलं. "खरं आहे मौसी," त्या म्हणाल्या. "पण ज्यांची अजून गेली नाही त्यांची वाचेल कदाचित. गेलेली परत येत नाही. हे मी खोटं सांगणार नाही."

मग पार्बताबाई उभी राहिली. तिनं दोनच वाक्यं म्हटली. गोळी मी दिली. वही माझी आहे.

"अन् तू कधी खाल्ली वं?" कोपऱ्यातून आवाज आला. "आमी पाह्यलं ना. सोताच्या पोटाले नाही, आमच्याच पोटात घातल्या!"

"मले सोसत नव्हती."

"आमाले सोसली का मंग?"

ती उभीच राहिली. कोणी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. एकतीसपैकी अठरा जणींनी अंगठे-सह्या दिल्या. इंदूबाईचा अंगठा मी घरी जाऊन आणला. शाई पुसायला मी फडकं पुढं केलं, तर ती म्हणाली, "राहू द्या. निंगते आपोआप." बारा वह्यांतल्या एकोणीस जणींच्या ओळी शाइस्ताबाईंनी नावं झाकून उतरवल्या आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज पाठवला.

त्या हंगामात पार्बताबाईच्या जत्थ्यात एकही बाई आली नाही. सगळ्या गावातल्याच दुसऱ्या मुकादमाकडं गेल्या. तो बाप्या माणूस. तोही चहासोबत गोळी देतो. मागितली तर दुसरीही देतो. वहीबिही काही ठेवत नाही.

*

भादव्यात मुलाखत झाली, संगणकाच्या पडद्यावर. अमरावतीच्या रुग्णालयात शाइस्ताबाईंच्या शेजारी मी बसले होते. पडद्यावरच्या पाच साहेबांपैकी एकानं विचारलं, "ही नोंदवही कोणत्या अधिकाऱ्यानं प्रमाणित केली आहे?" शाइस्ताबाई काही बोलायच्या आधी मीच बोलले, "साहेब, वावरात अधिकारी येत असते तर गोळी कशाला लागली असती?" शाइस्ताबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. साहेब काहीतरी लिहून घेत होते. वाटलं, गेलं सगळं, माझ्या तोंडानं.

इंदूबाई नवरात्रात गेली. मशीनवरून घरी आली, रात्रीतून छातीत पाणी भरलं, सकाळी होत्याची नव्हती झाली. पार्बताबाई पाठच्याच घरात. मधे एक कुडाची भिंत. रडणं तिला पहिल्या हुंदक्यापासून ऐकू आलं असणार. ती अंगणापर्यंत गेली. दारात करिश्मा होती. करिश्मानं दार लावलं नाही, काही बोललीही नाही, फक्त बाजूला झाली नाही. पार्बताबाई मागं फिरली. तिरडी उचलली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती, पुरुषांच्याही मागं.

महिन्याभरानं दिल्लीचं पत्र आलं. प्रस्ताव मंजूर. मागितले त्याच्या निम्मे, आणि एकाच वर्षासाठी. अटींचं पान वेगळं. त्यात सहावी अट: ज्यांचं डायलिसिस सुरू झालं आहे ते रुग्ण अभ्यासात धरू नयेत, ज्यांची किडनी अजून काम करते त्यांचाच अभ्यास व्हावा. शाइस्ताबाईंनी मला समजावलं की शास्त्राच्या हिशेबानं ते बरोबर आहे. असेल बरोबर. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, तो खाली ठेवला.

पार्बताबाईला सांगायला मीच गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"इंदूचं नाव?"

"नाही बसत त्यात."

"मंग जिनं पह्यलं म्हटलं माहं नाव ने, तिचंच नाव नाही." तिनं पुन्हा विचारलं. "अन् करिश्माचं?"

करिश्मानं संमती दिलीच नव्हती. पण तिची चार वर्षं त्या वह्यांत होती, रेघा आणि गोल. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीतले, आणि मग रोजचे.

"ते त्या बाप्याकडं जाते आता," पार्बताबाई म्हणाली. "दोन-दोन खाते. म्या पाह्यलं."

*

गावात रक्त तपासायचा दिवस ठरला. शाळेत टेबल मांडलं, नर्स आली. दुपारपर्यंत तीन बाया. ऐन वेचणीचे दिवस, मजुरी सोडून शाळेत कोण येईल? मी सरपंचाला फोनवर दोन शिव्या घातल्या. त्यानं काय होणार होतं?

पार्बताबाई शाळेच्या फाटकाशी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. प्रकल्पात गावात काम करणाऱ्या माणसाची एक जागा होती, पण अट बारावी पासची.

"इथं बसून येतीन का त्या?" ती म्हणाली. "तीन वाजता चाला वावरात. च्याच्या टायमाले. तवाच हात मोकळे राह्यते."

आम्ही गेलो. कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर, पांढरीफटक फुटलेली. धुऱ्यावर किटली आली होती, बाया ओटीतला कापूस रिकामा करून बसल्या होत्या. मुकादम खिशात हात घालतच होता, आम्हाला पाहून तो हात तिथंच राहिला. शाइस्ताबाईंनी खाली चटई टाकली, नर्सनं डबा उघडला. कोणी हललं नाही. एकमेकींकडं बघायच्या आणि आमच्या मागं बघायच्या. आमच्या मागं पार्बताबाई.

करिश्मा उठली. आईचंच फडकं कमरेला बांधलेलं. चटईच्या अलीकडं येऊन थांबली.

"रक्त देतो आमी," ती शाइस्ताबाईंना म्हणाली. "पण हे बाई इथं उभी नाही पायजे."

मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं. पार्बताबाईनं मागून माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा दाबला आणि काढून घेतला. मग ती वळून धुऱ्यानं चालायला लागली. सरळ, पाय उचलून, तुरीच्या ओळींपलीकडं गेली, तिथंही थांबली नाही. नाल्याच्या काठापर्यंत तिचं डोकं दिसत होतं, मग तेही नाही.

करिश्मा चटईवर बसली आणि बाही वर केली. तिच्या मागून बाकीच्या सरकल्या.

रात्री पार्बताबाईचा फोन आला.

"किती झाल्या?"

"चौदा. सकाळच्या तीन धरून सतरा."

"करिश्मा?"

"तिनं दिलं. संमतीवर सहीही केली."

तिनं आवाज खाली आणला.

"रिपोर्ट कसा आला तिचा, ते सांगसान मले?"

"पार्बताबाई, रिपोर्ट गुप्त असतो. ज्याचा त्यालाच सांगतात. तुम्हाला नाही सांगता येणार."

"मले नका सांगू," ती म्हणाली. "तिले सांगजा. पण लवकर सांगजा ताई. वेचणी अजून दीड महिना हाय."